उलटा ज

रविवारी सकाळी शिरोलीच्या शेडमध्ये
चार म्हातारे आणि एक नातू
एका गाडीभोवती बसतात.
गाडी म्हणजे काय, नळ्यांचा सांगाडा,
तीन चाकं, चौथ्या जागी तेलाचा डबा,
मधे एकाच माणसापुरतं भोक.
नेमगोंडांनी ती जयसिंगपूरच्या भंगारातून वजनावर आणली.
किलोला काय पडली, ते अजून सांगत नाहीत.

दस्तगीर म्हणतो, हिरवी होती.
उपाध्ये वकील म्हणतात, तांबडी.
मी स्वतः बघितली उजळाईवाडीच्या धावपट्टीवर,
कडब्याच्या पेंढ्यांच्या वळणाला आडवी झाली
तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टावर तिचं तेल उडालं,
आई तीन दिवस तो शर्ट धूत होती.
मग नखानं खरवडून बघितलं:
तांबड्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा,
पिवळ्याखाली नुसता पत्रा.
दोघंही जिंकल्यासारखे कटवड्याकडं वळले.

पुरावे बिस्किटाच्या डब्यात:
शोलावरमचा एक फोटो, त्यात गाडीपेक्षा धूळ जास्त;
दस्तगीरच्या थोरल्या भावाचा उजवा हातमोजा
(डावा कुठं गेला ते त्यानं मरेपर्यंत तीन प्रकारे सांगितलं);
मद्रासच्या कुठल्याशा लॉजची पावती, दोन माणसं, एक रात्र,
आणि खाली पेन्सिलीनं: टायर खोलीत ठेवू नयेत.

आणि गिअरबॉक्सच्या कवचावर, खालच्या अंगाला,
एक खूण. दांडी, आकडी, गाठ.
कुठल्याच लिपीत न बसणारी.
नातू म्हणाला, इटलीची असंल.
त्या दिवसापासून ती इटलीची.
वकिलांनी तिकडं दोन कारखान्यांना पत्रं धाडली.
एकाचं उत्तर आलं,
आमची नाही, पण देखणी आहे.

मी फार बोलत नाही.
मी पॅटर्नवाला. उद्यमनगरात एक्केचाळीस वर्षं
सागवानात कोरलं, ते दुसऱ्यांनी धातूत ओतलं.
आमची फूटपट्टी जगाच्या पट्टीपेक्षा लांब असते,
ॲल्युमिनियमला फुटामागं सव्वा सूत,
कारण ओतलेलं निवताना आकसतं.
हे लोक सांगतात, दहा हजार माणसं होती,
वळणावरसुद्धा शंभराचा वेग,
तेव्हा मी मनात ती पट्टी धरतो.
वाढवूनच सांगावं लागतं.
निवलं की मापात येतं.

खूण मी पहिल्याच रविवारी ओळखली होती.
चौदा वर्षांचा होतो. जोतिर्लिंग फाउंड्री.
मालक म्हणाले, कवचावर आपला ज घाल.
शिक्का उलटा कोरतात एवढं मला ठाऊक,
म्हणून हुशारीनं उलटा कोरला.
पण वाळूत पालथं पडतं ते ओतल्यावर परत उताणं होतं,
लाकडात जसं, तसंच धातूत.
भैरू वस्तादांनी साचा फोडला, बघितलं,
माझ्या डाव्या कानाखाली एक दिली
आणि म्हणाले, ऱ्हाऊ दे.
गाडी उलटली की वाचंल कोणतरी.

आज नेमगोंडा म्हणाले, पितळी पाटी करायची,
वर इटलीचं नाव, तूच पॅटर्न कर.
मी व्हय म्हणालो.
मग उठलो, बाहेर स्कूटरचा आरसा
पान्यानं सोडवून आणला,
गुडघे मोडून खाली बसलो आणि खुणेपुढं धरला.

एकेकानं वाकून बघितलं.
वकिलांनी चष्मा पुसून दोनदा.
नातवानं मोठ्यानं वाचलं, बालवाडीत वाचतात तसं.
कोणी काही बोललं नाही.
पलीकडच्या शेडमध्ये लेथ चालू होतं, तेवढंच.

नेमगोंडा डब्यावर टेकले, आणि कोणी न विचारता
किलोचा भाव सांगून टाकला.
फार नव्हता.

दस्तगीर म्हणाला,
म्हंजे हिरवीच.